ओलावा राखणारी माती : शेवाळी, पीट आणि बऱ्हाणपूरच्या बागा



बऱ्हाणपूरच्या इतिहासावर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा साधारणतः ठरलेली असते. नसीरखान फारुकीने पंधराव्या शतकाच्या आरंभी शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने वसविलेले नगर, १६०१ साली अकबराच्या हाती पडलेला असीरगड, १६३१ साली येथे मृत्यू पावलेली मुमताजमहल, १६६७ साली येथेच देह ठेवणारे मिर्झाराजे जयसिंग. ही नावे येथील शाळकरी मुलांनाही मुखोद्गत आहेत आणि त्यांवर माझ्यापेक्षा अधिकारी माणसांनी लिहिले आहे. मी आज ज्या विषयावर बोलणार आहे तो राजांचा नाही आणि किल्ल्यांचाही नाही. पाणी धरून ठेवणारी माती हा तो विषय होय. तिचा इतिहास तवारिखांत सापडत नाही, कारण तवारीख लिहिणाऱ्याला माती दिसते ती रणभूमी म्हणून किंवा महसुलाची बाब म्हणून.

या विषयाचा प्रारंभ मी अशा एका वनस्पतीपासून करणार आहे जी बऱ्हाणपुरात उगवत नाही आणि उगवणारही नाही. तरीही तुमच्यापैकी ज्यांनी रोपवाटिकेत कधी पाऊल टाकले असेल त्यांनी ती हाताळली आहे. पेरू, डाळिंब किंवा लिंबू यांचे गुटी कलम करताना माळी पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडतो, तिच्यावरची इंचभर साल गोलाकार सोलून काढतो आणि त्या उघड्या भागाभोवती भिजवून पिळलेले तपकिरी, केसाळ असे काहीतरी मूठभर बांधतो. वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला की दीड-दोन महिन्यांत त्या पुंजक्यातून पांढरी मुळे डोकावू लागतात. या तपकिरी पदार्थाला आपला माळी ‘शेवाळ’ म्हणतो. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव स्फॅग्नम.

येथे शब्दाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. आपण मराठीत ‘शेवाळ’ या एका शब्दाखाली विहिरीच्या पायरीवरची निसरडी हिरवळही घालतो आणि पावसाळ्यात भिंतीवर उगवणारी मखमलही. शास्त्रीय परिभाषेत पहिल्यास शैवल व दुसरीस शेवाळी असे म्हणतात. स्फॅग्नम ही दुसऱ्या वर्गातील, म्हणजे शेवाळी. तिला खरी मुळे नाहीत, फूल नाही, बी नाही. तिच्या तीनशेहून अधिक जाती असून त्यांतील बहुतेक थंड व ओल्या प्रदेशांत वाढतात. भारतात ती हिमालयाच्या पूर्व भागात, दार्जिलिंग-सिक्कीमकडे आणि मेघालयाच्या डोंगरांत आढळते.

तिचे सामर्थ्य तिच्या मेलेल्या पेशींत आहे. स्फॅग्नमच्या पानात हिरव्या, जिवंत पेशींची एक अरुंद जाळी असते आणि त्या जाळीच्या मधल्या जागा मोठ्या, पोकळ, निर्जीव पेशींनी भरलेल्या असतात. या पोकळ पेशींच्या भिंतींना सूक्ष्म छिद्रे असतात. पाऊस पडला की प्रत्येक पेशी लहानशा मडक्यासारखी भरते. कोरड्या स्फॅग्नमने स्वतःच्या वजनाच्या पंधरा ते वीसपट, काही जातींत त्याहूनही अधिक पाणी धरावे, हे याच रचनेमुळे घडते. निर्जीव भाग पाणी राखतो व जिवंत भाग त्यावर जगतो. वाळवून पोत्यात भरलेली, वर्षभराने भिजवलेली शेवाळी पुन्हा तितकेच पाणी धरते, आणि माळ्याला तिचा उपयोग होतो तो याच गुणामुळे.

तिचा दुसरा गुण आम्लतेचा. भोवतालच्या पाण्यातील कॅल्शियमसारखे घटक ही शेवाळी आपल्या पेशीभित्तीवर खेचून घेते आणि त्यांच्या बदल्यात पाण्यात आम्ल सोडते. त्यामुळे ती जेथे वाढते तेथील पाणी आंबट होत जाते. अशा आंबट, थंड, हवा न खेळणाऱ्या पाण्यात कुजविणारे जीवजंतू निष्प्रभ होतात. वरचे टोक वाढत राहते, खालचा भाग मरतो, पण कुजत नाही, नुसता दबत जातो. हा दबलेला थर म्हणजे पीट. दगडी कोळशाच्या मार्गावरची ही पहिली पायरी मानली जाते. अनुकूल स्थितीत पीटची वाढ वर्षाला सुमारे एक मिलिमीटर धरतात. म्हणजे अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात, १६१५ साली, आपल्या येथे कुंड्या खोदल्या गेल्या, त्याच वर्षी युरोपातील एखाद्या दलदलीत पीटचा थर साचू लागला असे मानले, तर आज चारशेहून अधिक वर्षांनी तो थर जेमतेम हातभर झाला असेल.

हा हिशेब ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

पीटमध्ये वस्तू किती टिकते याचा प्रसिद्ध दाखला डेन्मार्कचा. तेथील टोलुंड गावाजवळ १९५० साली पीट खणणाऱ्यांना एका माणसाचे प्रेत सापडले. चेहऱ्यावरची सुरकुती, हनुवटीवरची खुरटी दाढी, डोक्यावरची चामड्याची टोपी सर्व शाबूत होते. अलीकडेच कोणाचा तरी खून झाला असावा अशा समजुतीने पोलिसांना पाचारण करण्यात आले. तपासाअंती तो माणूस दोन हजार वर्षांहून अधिक काळ तेथे पडून असल्याचे निष्पन्न झाले.

आपल्या देशातही पीट अगदीच नाही असे नाही. केरळात कुट्टनाडच्या सखल भागात ‘कारी’ नावाची काळी, आंबट जमीन आहे, तिच्यात जुन्या वनस्पतींचे दबलेले अवशेष भरलेले आहेत. कोलकात्याच्या खाली पीटचे थर आहेत. निलगिरीच्या उंच पठारावरील दलदलीत तर वीस हजार वर्षांहून जुने पीट मिळाले आहे. त्यातील कार्बनच्या परीक्षेवरून दक्षिण भारताच्या प्राचीन हवामानाविषयीचा रमण सुकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. कोरडा काळ कोणता, पावसाळी काळ कोणता, हे त्या चिखलाने सांगितले. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा साधनांचा हेवाच करावा.

बऱ्हाणपूरला मात्र हे भाग्य नाही, आणि त्याची कारणे आपल्या अंगणातच आहेत. येथे वर्षाचे आठ महिने कोरडे जातात, वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास खेळतो. अशा उष्णतेत पालापाचोळा साठून राहत नाही, भराभर कुजून हवेत विरून जातो. शिवाय आपले पाणी. कुंडी भंडाऱ्यात जे उतरले आहेत त्यांनी भिंतींवर साचलेला चुन्याचा पांढरट थर पाहिला असेल. हे पाणी चुन्याच्या अंशाने जड झालेले आहे. स्फॅग्नमला हेच सोसत नाही. हौसेने आणलेली जिवंत शेवाळी येथील विहिरीच्या पाण्यावर पिवळी पडते. ज्या पाण्याने या शहराला चार शतके जगविले तेच पाणी तिला मारक ठरावे, हा भूगोलाचा न्याय आहे, त्यात तक्रारीस जागा नाही.

आता या शेवाळीच्या मानवी उपयोगाचा इतिहास थोडक्यात पाहू. जखमेवर शेवाळी बांधण्याची चाल उत्तर युरोपात जुनी आहे. तिला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती पहिल्या महायुद्धात. १९१४ साली युद्ध पेटले आणि कापसाला दुहेरी मागणी आली. जखमांसाठी कापूस हवा होता, आणि स्फोटक दारू बनविण्यासाठीही कापूसच हवा होता. ज्या कापसावर आपले शहर जगले, त्याच कापसाचा युरोपातील रुग्णालयांत तुटवडा पडला. तेव्हा एडिनबरोचे शल्यचिकित्सक चार्ल्स कॅथकार्ट व वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बेली बाल्फर यांनी स्फॅग्नमच्या पट्ट्यांचा पुरस्कार केला. कॅथकार्ट यांचा लेख १९१५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. स्कॉटलंडच्या माळरानांवर स्त्रिया व शाळकरी मुले शेवाळी वेचू लागली, ती वाळवून, निवडून, मलमलीच्या पिशव्यांत भरली जाऊ लागली. १९१८ पर्यंत ब्रिटनमधून दरमहा सुमारे दहा लाख पट्ट्या जात होत्या. शोषण्याच्या कामात ती कापसाच्या दुपटीहून सरस ठरली, आणि तिच्या आम्लतेमुळे जखमेत जंतूंची वाढही खुंटत असे. युद्ध संपले आणि कापूस स्वस्त झाला तसा हा उद्योग विरून गेला.

पीटचे बागेतील राज्य त्यानंतरचे. रोपे मातीत लावली की काही वाढतात, काही मरतात, आणि का मरतात ते कळत नाही, ही माळ्याची जुनी तक्रार. लंडनजवळील मर्टन येथील जॉन इनेस संस्थेत १९३० च्या दशकात लॉरेन्स व नेवेल या दोघांनी या तक्रारीचा पिच्छा पुरविला. वाफेने जंतुरहित केलेली माती सात भाग, पीट तीन भाग व जाडी वाळू दोन भाग, असे कुंडीसाठीचे मिश्रण त्यांनी ठरवून दिले. विशेष म्हणजे ते कोणाच्याही मालकीचे ठेवले नाही, प्रमाण छापून मोकळे केले. पुढे अमेरिकेत मातीचा भागच गाळून केवळ पीट व खनिज भुकटी यांचे हलके मिश्रण निघाले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्य जगातील बहुतेक रोपे मातीला न शिवता वाढू लागली. पीटमध्ये अन्नांश नसल्यासारखाच असतो. त्याचे मोल आहे ते पाणी व हवा एकाच वेळी धरण्यात. अन्न बाहेरून, मापून द्यायचे. कारखानदारी शेतीला असाच आज्ञाधारक पदार्थ हवा असतो.

आपल्याकडील इंग्रजी बंगल्यांच्या बागांत हा पदार्थ सहसा मिळत नसे. विलायती पुस्तकात जेथे पीट लिहिलेले असे तेथे आपला माळी झाडाखाली कुजलेला पाला, जुने शेणखत आणि नदीची रेती घालून काम भागवीत असे, आणि गुलाब फुलत. या माळ्यांचे कसब कोणी लिहून ठेवले नाही.

येथून आपल्या गावाकडे वळू.

बऱ्हाणपूर हे मुळात बागांचे गाव होते, ही गोष्ट आजच्या गर्दीत ध्यानात येत नाही. तापीच्या पलीकडे शेख जैनुद्दीन यांच्या नावाने वसलेले जैनाबाद, तेथील आहुखाना म्हणजे हरणांची राखलेली बाग. मुमताजमहलचा देह आग्र्यास नेण्यापूर्वी सहा महिने याच भूमीत होता. शहराच्या या अंगाला लालबाग. आज ते एका वस्तीचे नाव आहे, पण नावातली बाग खोटी नाही. मोगल बाग म्हणजे आखीव वाफे आणि वाहते पाणी. तापीकाठी पोयट्याची माती होती, ऊन होते, उणीव होती ती बारमाही पाण्याची. तापी खोल दरीतून वाहते, तिचे पाणी चढवून आणणे कष्टाचे, शिवाय वेढ्याच्या प्रसंगी नदीवर विसंबणे धोक्याचे.

या अडचणीवर जे उत्तर निघाले ते सर्वांच्या परिचयाचे आहे, म्हणून तपशील आवरता घेतो. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि उतारानुसार तापीकडे झिरपत जातो. ही झिरप नदीला मिळण्याआधीच अडवावी, एका बोगद्यात गोळा करावी, बोगद्यावर ठराविक अंतराने कुंड्या ठेवाव्यात म्हणजे हवा व उजेड मिळेल आणि साफसफाई करता येईल, आणि केवळ उताराच्या बळावर ते पाणी शहरात आणावे, अशी ही योजना. इराणातील कनातीचे हे भाऊबंद. तब्कुतुल अर्ज नावाच्या इराणी भूशास्त्रज्ञाने जागा हेरल्याचे सांगतात. एकूण आठ जलप्रणाली बांधल्या गेल्या, त्यांतील सहा टिकल्या. २०२४ साली खुनी भंडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या भारतीय संभाव्य यादीत दाखल झाले, त्याचा आपण सर्वांनी आनंद मानला.

आनंद मानताना एक प्रश्न मात्र आपण विचारला नाही. कुंड्या व बोगदे ही या योजनेची भांडी झाली. पाणी कोण पुरवितो? ज्याला आपण कुंडी भंडारा म्हणतो त्याचा खरा भंडार कुंड्यांत नाही, तो सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. डोंगरावरचे जंगल, जंगलाखालचा पालापाचोळा, त्याखालची मऊ, काळसर, बोटाने उकरता येणारी माती, आणि पायथ्याला ओढ्यांनी आणून टाकलेले दगडगोटे व वाळू. पावसाचा थेंब पानावर आदळून मंद होतो, पाचोळ्यात अडतो, कुजलेल्या मातीत मुरतो आणि दगडगोट्यांतून खाली उतरतो. थंड देशांत जे काम शेवाळीची दलदल करते, तेच येथे ही वनमाती करते, आपल्या हवामानाला मानवेल अशा रीतीने. दलदल पाणी धरून बसते, आपली माती ते खाली पोचविते, एवढाच फरक. खानखानानाने इमारत बांधली, पण ती त्याने या उघड्या कोठाराच्या भरवशावर बांधली. इतिहासाच्या पुस्तकांत इमारतीचे मोजमाप येते, कोठाराचे येत नाही. २०२२-२३ मध्ये नेपानगर भागातील वनक्षेत्रात जी प्रचंड वृक्षतोड झाली तिच्या बातम्या आपण अतिक्रमणाच्या व पोलीस कारवाईच्या म्हणून वाचल्या. त्या पाण्याच्याही बातम्या होत्या.

मातीतील या कुजलेल्या अंशाला शास्त्रात ह्यूमस म्हणतात. त्याच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण आपल्या शेजारी, इंदुरात घडले, आणि त्याचा उल्लेख केल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेत आले. भारतीय शेतकऱ्याला शिकविण्यासाठी आलो, पण त्यालाच गुरू केले, असा त्यांच्या पुढील लेखनाचा सूर आहे. १९२४ साली इंदूर येथे वनस्पती-उद्योग संस्था निघाली. तिला मध्यवर्ती कापूस समिती व मध्य भारतातील संस्थानांचे साहाय्य होते, जमीन होळकर दरबाराने दिली होती, आणि हॉवर्ड तिचे संचालक होते. संस्था कापसासाठी होती, परंतु हॉवर्ड यांच्या ध्यानात आले की येथील काळ्या जमिनीला वाणापेक्षा खताची निकड अधिक आहे. शेण गोवऱ्यांत जळते, आणि शेतातला काडीकचरा बांधावर जळतो.

त्यातून जी पद्धत सिद्ध झाली ती जगभर ‘इंदूर पद्धत’ या नावाने गेली. गुरांच्या पायाखाली शेतातला सर्व टाकाऊ पाला अंथरायचा, मूत्र शोषलेली गोठ्यातली माती, थोडे शेण व लाकडाची राख यांचे पाणी घालून त्याचे थर रचायचे, ठरावीक दिवसांनी ढीग पालटायचा, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार. कापसाच्या पऱ्हाट्या हा या कामातला मोठा अडसर, कारण त्या लाकडासारख्या कठीण. त्यावर हॉवर्ड यांनी काढलेला उपाय मला फार आवडतो. त्यांनी पऱ्हाट्या शेतरस्त्यांवर अंथरल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांनी त्या चिरडल्या जात, एका पैशाचे यंत्र लागले नाही.

१९३१ साली या प्रयोगांचे पुस्तक निघाले. त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत : अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे हॉवर्ड यांचे संस्थेतील रसायनशास्त्राचे सहकारी. ढिगात नत्र किती राहते, किती उडते, कोणत्या प्रमाणात काय मिसळावे, ही सारी मापे रसायनशाळेतच व्हायची. इंदूर पद्धत विलायतेला गेली, आफ्रिकेतल्या कॉफीच्या मळ्यांत गेली, सेंद्रिय शेतीच्या चळवळीचे एक मूळ ठरली. हॉवर्ड यांना सर ही पदवी मिळाली. वाड यांचे नाव मात्र त्या प्रमाणात कोठे पोचले नाही, आणि मराठी पाठ्यपुस्तकांतही ते मला आढळलेले नाही. गांधीजींनी १९३५ साली इंदूरच्या मुक्कामात ही संस्था मुद्दाम जाऊन पाहिली. त्याच जागेवर आज इंदूरचे कृषी महाविद्यालय उभे आहे.

हॉवर्ड-वाड यांचे खत आणि पीट यांची तुलना केली पाहिजे. दोन्ही मेलेल्या वनस्पतींचे अवशेष, दोन्ही पाणी धरणारे. पण पीटमध्ये कुजणे थांबलेले असते, खतात ते पूर्णत्वाला गेलेले असते. पीट आंबट व निःसत्त्व, खत उदासीन व सकस. पीट हजारो वर्षांत होते व खणले की संपते, खत तीन महिन्यांत होते व दरवर्षी होते. उष्ण देशाला निसर्गाने पीट दिले नाही, त्या जागी त्याने शीघ्र कुजण्याचा वर दिला. इंदुरात या वराचा हिशेब कोणीतरी नीट मांडला एवढेच.

याच ओघात एक लहानशी गोष्ट. निमाडात सोयाबीन पेरणाऱ्या शेतकऱ्याने बियाण्याला चोळायचे जिवाणू खताचे काळे पाकीट पाहिले आहे. त्यातले रायझोबियम जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. दिसते ती काळी भुकटी म्हणजे त्यांचे वाहन होय. पाश्चात्य देशांत हे वाहन पीटचे असते, कारण त्यात ओल टिकते व जिवाणू महिनोन्महिने तग धरतात. आपल्याकडे चांगले पीट दुर्मीळ, म्हणून निलगिरीच्या पीटबरोबर लिग्नाइट व लोणारी कोळशाची भुकटी वापरात आली. आपल्या घराच्या ओसरीत पीटचा हा चुलतभाऊ पडून असतो आणि त्याची जात आपण कधी विचारलेली नसते.

आता केळीकडे येतो, कारण आजचे बऱ्हाणपूर केळीवर उभे आहे. जळगाव, रावेर, यावल, बऱ्हाणपूर हा सलग पट्टा आहे, राज्याची सीमा त्याला ठाऊक नाही. जुनी लागवड बसराईची, मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांत. लागवडीला मुनवे, म्हणजे झाडाच्या पोटी फुटलेले कंद. ते शेजाऱ्याच्या बागेतून आणायचे, छाटायचे, खड्ड्यात शेणखत घालून लावायचे. मुनव्याबरोबर शेजाऱ्याच्या बागेतले रोगही फुकट येत. १९९० च्या दशकात ग्रँड नैन ही जात ऊतिसंवर्धित रोपांच्या रूपाने या पट्ट्यात आली. जळगावच्या भवरलाल जैन यांच्या कंपनीने ठिबक सिंचनाबरोबर तिचा प्रसार केला, आणि एका पिढीत या भागातल्या बागांचे रूप पालटले.

ऊतिसंवर्धनाचे रोप काचेच्या बाटलीत, जंतुरहित खळीवर, साखर-क्षारांच्या पाण्यावर वाढते. त्याला मातीची सवय नसते, उन्हाची नसते, कोरड्या हवेची तर मुळीच नसते. बाटलीतून काढून ते थेट निमाडच्या उन्हात लावले तर संध्याकाळपर्यंत माना टाकील. म्हणून त्याला आधी दमट हरितगृहात, लहान खणांच्या तबकात, आणि मग जाळीच्या सावलीत पिशवीत वाढवावे लागते. त्या तबकातला पदार्थ हलका, निर्जंतुक आणि पाणी व हवा दोन्ही धरणारा हवा. येथे पीटची गरज पुन्हा उभी राहते. भारतात तिला मिळालेले उत्तर दक्षिणेतून आले. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा पूर्वी केरळात रस्त्याच्या कडेला डोंगरासारखा साचत असे. तो सहजी कुजत नाही, पावसात भिजला की त्यातून तपकिरी पाणी गळते, कोणाला तो नको होता. त्याच्या कुजेनासे होण्यातच त्याचे मोल आहे, हे उशिरा कळले. खाऱ्या पाण्यात भिजविलेल्या सोडणांतून आलेला भुसा आधी गोड्या पाण्याने धुवावा लागतो, नाहीतर मिठाने मुळे भाजतात. धुऊन, वाळवून, दाबून त्याच्या विटा होतात. बाजारात त्याला कोकोपीट म्हणतात. नावात पीट आहे, पदार्थात नाही.

बऱ्हाणपूरच्या केळीच्या खोडाची पहिली मुळे अशी केरळ-तमिळनाडूच्या नारळाच्या भुशात फुटतात. व्यापाऱ्यांच्या या जुन्या शहराला परप्रांतीचा माल नवा नाही. तरीही हे समजून घेण्यासारखे आहे.

खऱ्या पीटचे पुढे काय झाले तेही सांगतो. जगाच्या भूपृष्ठाचा सुमारे तीन टक्के भाग पीटखाली आहे, पण जमिनीतील एकूण कार्बनचा सुमारे तिसरा हिस्सा तेवढ्यात साठलेला आहे, सर्व जंगलांच्या झाडोऱ्यात मिळून आहे त्याहूनही अधिक. पीटची दलदल उपसली की हवा आत शिरते, हजारो वर्षे थांबलेले कुजणे सुरू होते आणि तो कार्बन वायुरूपाने बाहेर पडतो. १९९६ साली इंडोनेशियात सुहार्तो सरकारने कालिमंतानमधील दहा लाख हेक्टर पीटभूमी भातशेतीसाठी कालवे खणून कोरडी करण्यास घेतली. भात पिकला नाही. १९९७ साली ती जमीन पेटली, आणि तिच्या धुराने शेजारची राष्ट्रे झाकोळून गेली. आयर्लंडमध्ये पीट खणण्यासाठीच स्थापलेल्या सरकारी महामंडळाने २०२१ साली हे काम कायमचे थांबविले. ब्रिटिश सरकारने २०२२ साली हौशी बागवानांना पीट विकण्यावर इंग्लंडमध्ये २०२४ अखेर बंदी आणण्याचे जाहीर केले, कायदा मात्र ठरल्या वेळेत झाला नाही. हातभर थराला चारशे वर्षे लागतात, हा हिशेब मी मघाशी ध्यानात ठेवण्यास सांगितला होता तो यासाठी. कुंडीतल्या पेटुनियासाठी तो एका उन्हाळ्यात संपतो.

याचा एक परिणाम असा, की पाश्चात्य बागवान आज जे शोधीत आहेत ते म्हणजे नारळाचा भुसा आणि नीट कुजविलेले खत. नारळ केरळचा आणि खत इंदूरचे, असे मी अभिमानाने म्हणालो असतो. परंतु आपल्याच बागांकडे पाहिले की शब्द अडतो. केळीचा घड कापल्यावर उरणारा खांब वजनाने घडाहून भारी असतो आणि त्यात बहुतांश पाणी असते. उत्तम खताचा तो कच्चा माल आहे. शेतात कापून, कुट्टी करून, शेणकाला शिंपून तो मातीत परत देणारे शेतकरी आहेत, मी पाहिले आहेत. त्यापासून धागा काढण्याचे प्रयत्नही जिल्ह्यात चालू आहेत. पण पुष्कळ खांब अद्यापि बांधावर आणि रस्त्याच्या कडेला टाकले जातात. एकीकडे नारळाचा भुसा हजार किलोमीटरवरून येतो, दुसरीकडे आपला खांब नाल्यात कुजतो. शेणखताची गाडी महाग झाली, बैल गोठ्यातून गेला, ही कारणे खरी आहेत. शेतकऱ्याला उपदेश करणे सोपे असते, मजुरी त्याला द्यावी लागते.

आणि खाली पाण्याची पातळी उतरते आहे. ठिबक आले म्हणून एका झाडाचे पाणी वाचले, पण झाडे वाढली. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन राज्यांत तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार झाला. सातपुड्याच्या पायथ्याचा दगडगोट्यांचा पट्टा, ज्याला भूशास्त्रज्ञ बझाडा म्हणतात, त्यात तापीचे पाणी मुरवावे, ही तिची कल्पना. चारशे वर्षांपूर्वी जेथून झिरप अडवून आणली त्याच जातीच्या जमिनीत आता पाणी उलट भरायचे आहे. योजना मोठी आहे, तिच्या यशापयशाविषयी आज बोलणे अकाली होईल. पण कालव्याने आणलेले पाणी मुरेल ते मातीतूनच, आणि डोंगरउतारावर जेथे मातीच उरली नसेल तेथे गाळ येऊन तीच छिद्रे बुजतील, हे अभियंत्यांना मी सांगण्याची गरज नाही.

शेवटी इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने श्रोत्यांकडे एक मागणी आहे. या पट्ट्यातील मातीचा लेखी इतिहास कोणाकडे असेल तर तो सरकारी दफ्तरापेक्षा तुमच्या घरांत असेल. आजोबांच्या रोजकीर्दी, खतावण्या, बाग धरल्याची टिपणे, शेणखताच्या गाड्या किती पडल्या, विहिरीला कोणत्या महिन्यात किती हात पाणी होते, मुनवे कोणत्या गावाहून आणले, गाळ कोणत्या तळ्याचा टाकला, बसराई कोणत्या साली मोडली आणि ग्रँड नैन कोणत्या साली लावली. ही वहीखाती माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडली आहेत. माजी विद्यार्थ्यांनी ती शाळेच्या ग्रंथालयात आणून दाखवावीत, मूळ प्रत घरीच ठेवावी, नक्कल शाळेकडे राहील. मोडी लिपीतील असतील तर ती वाचून देण्याचे काम मी करीन. पहिली वही कोणत्याही सालाची चालेल, फक्त तिच्यात विहिरीच्या पाण्याची नोंद असावी.